फेराल पेटता ठेवणारा माणूस : स्प्लिटचे पत्रकार प्रेद्राग लुत्सिच यांचे स्मरण

दर्यासारंग

१० जानेवारी हा प्रेद्राग लुत्सिच यांचा स्मृतिदिन. क्रोएशियाच्या दालमात्सिया किनाऱ्यावरील स्प्लिट शहरात १२ फेब्रुवारी १९६४ रोजी ते जन्मले आणि २०१८ साली, वयाची ५४ वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला असताना, गंभीर आजाराने वारले. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे असण्याचे काही कारण नाही. मलाही ते एका योगायोगानेच कळले. तो योगायोग आधी सांगतो.

मी जहाजावर इंजिनीअर होतो. १९९६च्या उन्हाळ्यात आमचे जहाज दुरुस्तीसाठी स्प्लिटच्या गोदीत तीन आठवडे अडकले होते. गोदीतला एक वयस्कर फिटर दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एक वर्तमानपत्र घडी करून डगल्याच्या आतल्या खिशात घालून आणत असे आणि जेवणाच्या सुट्टीत ते वाचताना खांदे हलवीत आवाज न करता हसत असे. मुखपृष्ठावर देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या तरी धडावर चिकटवलेला होता. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, त्यामुळे असे पत्र उघड विकले जाते याचेच मला आश्चर्य वाटले. पत्राचे नाव ‘फेराल ट्रिब्यून’. ‘फेराल’ म्हणजे काय, असे मी विचारले, तेव्हा त्याने बंदरातल्या एका मच्छीमार होडीकडे बोट दाखवले. रात्री मासळीला भुलवण्यासाठी होडीवर जी बत्ती टांगतात, तिला दालमात्सियाच्या बोलीत फेराल म्हणतात. ‘इंटरनॅशनल हेराल्ड ट्रिब्यून’ या बड्या इंग्रजी पत्राच्या नावाची त्यात केलेली टवाळी मला मागाहून कळली.

हे पत्र तिघांचे. विक्टर इवान्चिच, प्रेद्राग लुत्सिच आणि बोरिस देझुलोविच. तिघांच्या नावांचे तुकडे जोडून त्यांनी ‘विवा लुदेझ’ अशी सही तयार केली होती. ‘लुद’ म्हणजे वेडा, त्यामुळे ‘वेडेपणाचा विजय असो’ असा काहीसा अर्थ त्यातून निघतो. १९८०च्या दशकात, म्हणजे युगोस्लाव्हियाची एकपक्षीय राजवट चालू असतानाच, त्यांची उपहासाची पाने स्प्लिटच्या वर्तमानपत्रांत येऊ लागली होती. त्या काळी कम्युनिस्ट अधिकाऱ्यांची अवकृपा त्यांनी ओढवून घेतलीच होती, त्यामुळे पुढे त्यांना ‘जुन्या राजवटीचे भाट’ म्हणणाऱ्यांची पंचाईत होत असे. म्हणणारे म्हणतच राहिले, तो भाग वेगळा.

२५ जून १९९१ रोजी क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले. १५ नोव्हेंबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह नौदलाने खुद्द स्प्लिटवर तोफा डागल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी पूर्वेकडचे वुकोवार शहर युगोस्लाव्ह सैन्याच्या हाती पडले. हा तपशील अशासाठी देतो की, लुत्सिच आणि त्यांचे सोबती दूर सुरक्षित बसून युद्धाची थट्टा करीत होते, असा समज कुणी करून घेऊ नये. तोफगोळे त्यांच्याच शहरावर पडले होते. पुढे ते ज्या ‘स्लोबोदना दालमात्सिया’ या दैनिकात काम करीत, ते खासगीकरणाच्या आडमार्गाने सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्या उद्योजकाच्या हाती गेले. तेव्हा हे तिघे बाहेर पडले आणि जून १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचे पत्र काढले. त्या पत्राच्या बिरुदाचे मराठी करायचे तर ‘क्रोएशियन अराजकवादी, निषेधक आणि पाखंडी यांचे साप्ताहिक’ असे होईल.

आता माझे म्हणणे. युद्धात शत्रूची टिंगल करायला धैर्य लागत नाही. ती सरकारी खर्चाने चालते आणि करणाऱ्याला बक्षीसही मिळते. ‘फेराल’ने शत्रुपक्षाचे, म्हणजे सर्बियाचे, राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांना सोडले नाहीच, पण त्याचा मुख्य रोख आपल्या बाजूच्या सेनापतींवर, मंत्र्यांवर, धर्मगुरूंवर, देशभक्तीची कविता पाडणाऱ्या कवींवर आणि सर्वांत वर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष फ्रान्यो तुजमान यांच्यावर होता. या उपहासाची खरी ताकद मला अतिशयोक्तीत दिसत नाही, ती नेमकेपणात दिसते. त्यांच्या एका सदराचे नाव होते ‘ग्रेटेस्ट शिट्स’. गाजलेल्या गाण्यांच्या तबकड्यांवर जे शब्द छापलेले असतात, त्यांतले एक अक्षर बदलून केलेले हे नाव चारचौघांत उच्चारण्याजोगे नाही, हे मान्य. त्या सदरात संपादक स्वतःचे जवळजवळ काही लिहीतच नसत. पुढारी, सेनाधिकारी, बिशप आणि सहपत्रकार जे बोलले किंवा ज्यांनी जे छापले, तेच नावानिशी पुन्हा छापत. वाचक हसे आणि त्याच वेळी नोंद होऊन जाई. १९९३ साली कोण काय म्हणाले होते, हे दहा वर्षांनी नाकारायची सोय उरली नाही.

म्हणून लुत्सिच यांचे स्मरण विनोदी लेखक म्हणून करण्यापेक्षा दप्तर राखणारा कारकून म्हणून करावे, असे मला वाटते. सभासदांचे मत वाचायला आवडेल.

---

मुद्राराक्षस

उत्तम धागा. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केले असल्याने ‘जसेच्या तसे छापणे’ या गोष्टीचा दरारा मला ठाऊक आहे. बड्या माणसाचे वाक्य दुरुस्त न करता छापले, तर त्याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

वाचताना शिवरामपंत परांजपे यांची आठवण आली. ‘काळ’ १८९८ मध्ये सुरू झाला आणि वक्रोक्तीच्या जोरावर दहा वर्षे सरकारच्या डोळ्यांत सलत राहिला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. तेथे वक्रोक्ती हे चिलखत होते, कारण स्तुतीच्या शब्दांत निंदा केली तर सरकारी भाषांतरकाराची कसरत होते. ‘फेराल’च्या बाबतीत असे चिलखत दिसत नाही. राष्ट्राध्यक्षांचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बसवल्यावर आडपडदा कसला? मग सरकारने त्यांना सोडले कसे?

---

दर्यासारंग

सोडले नाही, पण कुलूपही घातले नाही. आपले राज्य युरोपात लोकशाही म्हणून ओळखले जावे अशी तुजमान सरकारची इच्छा असल्याने सरळ बंदी घालणे परवडत नव्हते. त्यामुळे जे झाले, ते आडवळणाने झाले.

१९९३च्या अखेरीस त्यांनी एक मुखपृष्ठ छापले. तुजमान आणि मिलोशेविच एकाच बिछान्यात उघडे पहुडलेले, असे ते जोडचित्र होते. निव्वळ अश्लील म्हणून ते सोडून देता येत नाही, कारण त्यामागे राजकीय आरोप होता. मार्च १९९१ मध्ये काराजोर्जेवो येथे हे दोघे भेटले होते आणि बॉस्निया आपसात वाटून घेण्याची बोलणी तेथे झाल्याचा संशय तेव्हापासून होता. १९९३ साली क्रोएशियन फौजा बॉस्नियात बोस्नियाक मुसलमानांशी लढत होत्या आणि त्याच वर्षीच्या ९ नोव्हेंबरला त्यांच्या तोफांनी मोस्तारचा जुना दगडी पूल पाडला होता. ज्याच्याशी आपली पोरे लढून मेली, त्याच्याशीच आपला नेता दुसऱ्याच्या घराची वाटणी करतो आहे, एवढे सगळे त्या एका बिछान्यात मावले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत संपादक इवान्चिच यांना सक्तीने सैन्यात भरती करण्यात आले.

१९९४ मध्ये सरकारने पत्रावर पन्नास टक्के कर लावला. असा कर अश्लील प्रकाशनांसाठी होता आणि ‘फेराल’ हे अश्लील प्रकाशन ठरवण्यात आले. पुढे घटना न्यायालयाने तो रद्द केला, पण तोवर आर्थिक घाव बसायचा तो बसला.

तिसरे वळण म्हणजे खटला. मी स्प्लिटमध्ये होतो तेव्हा तो चालू होता आणि फिटरच्या खिशातल्या अंकाला त्यामुळेच एवढी किंमत होती. १९९६च्या वसंतात कायदा बदलून राष्ट्राध्यक्षांसह वरच्या पाच पदाधिकाऱ्यांचा अपमान हा सरकारने स्वतःहून खटला भरण्याजोगा गुन्हा करण्यात आला होता आणि त्याचा पहिला प्रयोग इवान्चिच आणि ‘फेराल’चे पत्रकार मारिन्को चुलिच यांच्यावर झाला. यासेनोवात्स येथे दुसऱ्या महायुद्धात उस्ताशा, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्ट, राजवटीची छळछावणी होती. तेथे मारल्या गेलेल्या सर्ब, ज्यू, रोमा आणि फॅसिस्टविरोधी क्रोएशियन लोकांच्या अस्थींशेजारीच उस्ताशांच्याही अस्थी आणून पुराव्यात, म्हणजे राष्ट्रीय समेट होईल, अशी कल्पना तुजमान यांनी मांडली होती. ‘फेराल’ने त्या लेखाला दिलेल्या मथळ्याचा अर्थ ‘मिक्सरमधली हाडे’ असा होतो, आणि तुजमान यांची तुलना स्पेनच्या फ्रँकोशी केली. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकला असता. सप्टेंबर १९९६ मध्ये दोघे निर्दोष सुटले.

---

अनुस्वार

दर्यासारंग यांच्या ‘कारकून’ या शब्दाला माझी थोडी हरकत आहे. वरचा तपशील पत्राचा झाला, पण त्यातले लुत्सिच कुठे आहेत? तिघांच्या कामाची विभागणी पाहिली तर इवान्चिच हे गद्याचे आणि खटल्यांचे माणूस वाटतात. स्प्लिटमधला तिसरीतला एक शाळकरी पोरगा आपल्या वहीत घरातल्या आणि देशातल्या गोष्टी लिहितो, असे त्यांचे सदर वर्षानुवर्षे चालले. लुत्सिच यांचा पिंड मात्र विडंबनकाराचा. शाळेत पाठ करून घेतलेली कविता, लोकगीत, युद्धकाळात रेडिओवर दिवसरात्र वाजणारी वीरगीते, हे सगळे त्याच वृत्तात, त्याच यमकांच्या अंगाने ते पुन्हा लिहीत. ऐकणाऱ्याच्या तोंडी मूळ चाल असल्यामुळे नवे शब्द आपोआप चालीवर चढत.

आपल्याकडे अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने केलेली विडंबने आठवावीत. पण त्यांचा रोख प्रामुख्याने कवींवर आणि कवितेतल्या लकबींवर होता. लुत्सिच मूळ कवितेला हसत नव्हते, तिचा घोडा करून स्वार वेगळ्याच गढीवर नेत होते. या कामाला कान लागतो, कारण एक मात्रा चुकली तरी वाचक मूळ गाण्याकडे परत जातो आणि बाण फुकट जातो. नेमकेपणा हवाच, पण तो रोजनाम्याचा नेमकेपणा नव्हे, तालाचा आहे. भाषांतरात नेमका हाच भाग गळून पडतो, म्हणून बाहेरच्या जगाला ‘फेराल’ची मुखपृष्ठे ठाऊक आहेत आणि लुत्सिच ठाऊक नाहीत.

---

पूर्वरंग

सर्वांचा मान राखून एक वेगळा सूर लावतो. माझे वडील १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत होते. ज्या घरातला मुलगा आघाडीवर आहे, त्या घराने ‘आपल्याच’ सेनापतीची टवाळी दर आठवड्याला वाचायची, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? युद्ध संपेपर्यंत थांबता आले नसते काय? शिवाय ते युद्ध क्रोएशियाने लादलेले नव्हते. वुकोवारची राखरांगोळी झाली, हे दर्यासारंग यांनीच लिहिले आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकाच बिछान्यात निजवणे म्हणजे आक्रमक आणि आक्रांत यांना एका तागडीत तोलणे नव्हे काय?

---

राईनकाठचा

मी गेली काही वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. येथे क्रोएशियन लोक पुष्कळ आहेत. माझा एक सहकारी स्प्लिटजवळच्या डोंगराळ भागातला आहे. पूर्वरंग यांचा प्रश्न त्याला मराठीतून समजावून सांगितला, म्हणजे अर्थातच जर्मनमध्ये. तो म्हणाला की त्याचे वडील सैन्यात होते आणि घरात ‘फेराल’ आणायला सक्त मनाई होती. पण रजेवर आले की तेच वडील शेजाऱ्याकडे जाऊन तो वाचत असत. खंदकातल्या माणसाला मागे राहिलेल्यांची भाषणे ऐकून जितका संताप येतो, तितका शत्रूचाही येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सगळे सैनिक असे होते, असा दावा सहकाऱ्याने केला नाही. त्याच्या गावात बहुतेकांच्या लेखी हे पत्र देशद्रोह्यांचेच होते.

त्याने आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली. स्प्लिटमध्ये हा विनोद आकाशातून पडलेला नाही. तेथे मिल्येन्को स्मोये नावाचे एक ज्येष्ठ पत्रकार होते. दालमात्सियातल्या छोट्या गावाच्या आणि मोठ्या शहराच्या गोष्टी त्यांनी बोलीभाषेत लिहिल्या आणि त्यांवरच्या दूरदर्शन मालिका अख्ख्या युगोस्लाव्हियाने पाहिल्या. युद्धकाळात हेच स्मोये नव्या राष्ट्रवाद्यांना नकोसे झाले, तेव्हा ते ‘फेराल’मध्ये लिहू लागले आणि १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. एका रोमन सम्राटाच्या राजवाड्याच्या भिंतींत लोक पिढ्यान्‌पिढ्या धुणी वाळत घालीत आले आहेत, तेथे राष्ट्राध्यक्षाचा धाक किती वाटणार, असे सहकारी म्हणाला. (हा डायोक्लिशनचा राजवाडा. जुने स्प्लिट त्याच्या आतच वसलेले आहे.)

---

दर्यासारंग

पूर्वरंग, आपल्या वडिलांना नमस्कार. प्रश्न रास्त आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

आक्रमक आणि आक्रांत एकाच तागडीत घातल्याचा आरोप तेव्हाही होत असे. मला तो पटत नाही. त्या मुखपृष्ठाचा विषय क्रोएशियातले युद्ध नव्हता, बॉस्निया होता, आणि बॉस्नियात क्रोएशियाची भूमिका निव्वळ आक्रांताची नव्हती. जो देश वुकोवारसाठी न्याय मागतो, त्याने मोस्तारबद्दल बोलू नये, असे म्हणता येईल काय?

‘युद्ध संपेपर्यंत थांबायचे’ याबद्दल सांगायचे तर, जे युद्धात बोलत नाहीत ते नंतरही बोलत नाहीत, असा तिथला अनुभव आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘ओलुया’, म्हणजे ‘वादळ’, ही क्रोएशियन सैन्याची मोहीम चार दिवसांत फत्ते झाली. दीड-दोन लाख सर्ब नागरिक ट्रॅक्टरांवर संसार लादून निघून गेले आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपैकी अनेक जण मारले गेले. देशभर विजयोत्सव चालू असताना त्या मेलेल्यांबद्दल लिहिणाऱ्या मोजक्या पत्रांत ‘फेराल’ होते. सप्टेंबर १९९७ मध्ये तर त्यांनी मिरो बायरामोविच या माजी राखीव पोलिसाची मुलाखत छापली. १९९१ मध्ये पाक्राच्का पोल्याना येथे आपण स्वतः ७२ माणसे मारल्याचे त्याने तीत सांगितले होते. ज्या तुकडीत तो होता तिच्याशी तोमिस्लाव मेर्चेप यांचे नाव जोडलेले होते, आणि मेर्चेप यांना तुकडीच्या गुन्ह्यांबद्दल शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. म्हणजे विनोदी म्हणवणाऱ्या पत्रात बातमी आली आणि न्यायालय तेथे पोहोचायला जवळजवळ दोन दशके लागली.

अनुस्वार, आपली हरकत मान्य. ‘कारकून’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र ताल आणि नोंद या दोन गोष्टी लुत्सिच यांच्या बाबतीत वेगळ्या काढता येतील, असे वाटत नाही. पुढे त्यांनी आणि देझुलोविच यांनी मिळून एक काव्यमय प्रहसन रंगभूमीवर आणले. त्याच्या नावाचा अर्थ ‘वीज आणि वादळाच्या सुरावटी’. ‘वीज’ आणि ‘वादळ’ ही १९९५च्या दोन लष्करी मोहिमांची नावे, आणि उरलेला शब्द एखाद्या संगीत महोत्सवाच्या जाहिरातीत शोभणारा. विजयाच्या दोन मोहिमांना त्यांनी किनाऱ्यावरचा उन्हाळी गाण्यांचा जलसा करून टाकले. नुसत्या नावातच तारीख, ठिकाण आणि ताल, तिन्ही आले.

---

मुद्राराक्षस

पत्र बंद कसे पडले, हे राहिले. तुजमान डिसेंबर १९९९ मध्ये वारले, सरकार बदलले, मग ‘फेराल’ची भरभराट व्हायला हवी होती.

---

दर्यासारंग

झाली नाही. जून २००८ मध्ये शेवटचा अंक निघाला. कुणी बंदी घातली नाही, जप्ती आणली नाही. जाहिरातदार त्या पानांपासून लांब राहिले, कारण ज्या कंपन्यांनी जाहिराती द्यायच्या, त्यांच्या मालकांबद्दलच पत्रात छापून येत असे. शिवाय ‘मानसिक यातना’ झाल्याबद्दल भरपाई मागणारे दावे वर्षानुवर्षे साचले होते. तुरुंगात टाकण्यापेक्षा ही पद्धत स्वस्त आणि आवाज न करणारी. सगळा दोष राज्यकर्त्यांवर टाकून मोकळे होता येत नाही, एवढेच नोंदवतो. विकत घेणाऱ्या वाचकांची संख्याही शांततेच्या काळात घटली होती.

त्यानंतर लुत्सिच रियेकाच्या ‘नोवी लिस्ट’ या दैनिकात ‘त्राफिका’ हे सदर लिहीत. त्राफिका म्हणजे आपल्या कोपऱ्यावरची पानपट्टी आणि पेपरविक्याची टपरी एकत्र केली तर जे होईल ते. आणखी एक काम त्यांच्या नावावर फारसे मांडले जात नाही. ‘फेराल’ची पुस्तकमालाही होती आणि तिचे ते संपादक होते. युद्धामुळे ज्यांची पुस्तके सीमेच्या अलीकडे येईनाशी झाली होती, असे शेजारच्या देशांतले लेखक त्या मालेतून क्रोएशियन वाचकांपर्यंत पोहोचले. टवाळखोर म्हणून बदनाम झालेला माणूस दुसऱ्यांची मुद्रिते तपासत बसत असे, हे मुद्राराक्षस यांना आवडावे.

---

मुद्राराक्षस

आवडले. आपल्याजवळ १९९६चा एखादा अंक आहे काय?

---

दर्यासारंग

एक आहे. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी फिटरने तो घडी करून माझ्या हातात ठेवला. मला त्या भाषेतले बंदरापुरते दहा-वीस शब्द येत होते, त्यामुळे इतकी वर्षे मी त्यातली चित्रेच पाहिली. कागद पिवळा पडून घड्यांवर फाटू लागला आहे. अवतरणांचे पान मात्र शाबूत आहे. प्रत्येक वाक्याखाली बोलणाऱ्याचे नाव आणि ते कोठे छापून आले, हे दिले आहे.

राईनकाठचा, आपल्या सहकाऱ्याची तयारी असेल तर त्या पानाचे छायाचित्र मी आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. त्यांनी जर्मन करावे, आपण मराठी करावे आणि अनुस्वार यांनी शेवटचा हात फिरवावा.

---

राईनकाठचा

सहकारी तयार आहे. फक्त त्याची एक अट आहे. त्या पानावर त्याच्या गावच्या तेव्हाच्या महापौरांचे वाक्य निघाले, तर ते आधी त्याच्या वडिलांना फोनवर वाचून दाखवायचे, मग धाग्यावर द्यायचे.